मुंबईत सीडर म्हणून नक्की कोणती फळी घ्यायची?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मुलुंडला टू बीएचके, पश्चिमेची बाल्कनी, रविवारी हाताने काहीतरी करायची हौस, आणि सीडरच्या तीन वस्तू करायच्यात: आईच्या पैठण्या आणि शाली ठेवायला पेटी, बाल्कनीत झाडांसाठी लांबट प्लांटर, आणि हॉलमध्ये पुस्तकांसाठी तीन फुटी शेल्फ. तीन वखारी फिरलात, एकाने देवदार दाखवला, दुसऱ्याने कॅनडाचं म्हणून तांबूस हलकी फळी दिली हातात, तिसऱ्याने व्हाइट सीडर म्हणून फिकट काहीतरी, भाव तिघांचे तीन तऱ्हा आणि माल प्रत्येकाचा ओरिजिनल. मग घ्यायचं कुठलं, आणि गाठीवाल्या फळ्या चालतील का, असं विचारलंय.

माझं भांडुपला छोटं फर्निचरचं वर्कशॉप आहे, सागाचं आणि मऊ लाकडाचं काम आम्ही दोन्ही करतो, त्या अनुभवावर सांगतो. ओरिजिनल कुठलं हा वाद आधी बाजूला ठेवा. तुम्ही तीन अगदी वेगळी कामं एकाच लाकडाच्या गळ्यात घालताय, अडचण तिथे आहे. पेटीला वास पाहिजे, प्लांटरला पाणी सोसणारं लाकूड पाहिजे, शेल्फला वजनाने न वाकणारी जाड फळी पाहिजे. हे एकदा डोक्यात बसलं की कुठलं लाकूड हा प्रश्न अर्धा सुटतो, आणि उरलेला अर्धा वखारीत एकेक फळी हातात घेऊन सोडवायचा असतो, तिथे नावाचा फारसा उपयोग होत नाही.

आता नावांचा घोळ पटकन उरकून टाकतो. खरं सीडर आपल्याकडचं म्हणजे देवदार, हिमाचल, उत्तराखंड, काश्मीरकडचा. मनालीचं हिडिंबा देवीचं १५५३ सालचं मंदिर देवदाराचं आहे, दल लेकमधल्या हाऊसबोटी देवदाराच्या, तेव्हा टिकाऊपणाबद्दल शंका नको. अमेरिकन व्हिडिओत बाहेरच्या कामाला जे सीडर दिसतं ते बहुतेक वेस्टर्न रेड सीडर, ते वेगळंच झाड, थुजा जातीचं, कॅनडा-अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं. आणि त्याच व्हिडिओवाल्यांची कपड्यांची सुगंधी पेटी असते ती तिसऱ्याच झाडाची, ते खरं तर ज्युनिपर, ते लाकूड इथल्या वखारीत मिळेल अशी आशा धरू नका. व्हाइट सीडर म्हणून जे विकलं जातं ते पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातल्या एका रुंद पानांच्या झाडाचं असू शकतं, देवदाराशी त्याचं काही नातं नाही, आणि हेच नाव इतर दोनचार फिकट लाकडांनाही लावतात. तूण सुद्धा काही जण रेड सीडर म्हणून देतात. ही सगळी लाकडं वाईट आहेत असं मी म्हणत नाही, पण तुम्ही देवदाराचे पैसे मोजले तर देवदारच घरी आला पाहिजे.

देवदार ओळखायचा कसा, तर सगळ्यात जास्त फसवणूक पाइनच्या बाबतीत होते. कैल, चीड किंवा परदेशी पाइन देवदार म्हणून खपवतात, रंग बऱ्यापैकी जुळतो त्यामुळे वरवर बघून कळत नाही. फळीवरची धूळ आणि जुना थर बघून काही ठरवू नका. शेठना सांगा, टोकाकडून दोन बोटं कापून द्या, किंवा स्वतःचा छोटा रंधा खिशात घेऊन जा आणि कोपऱ्यात दोन हात मारा, मग ताजा भाग नाकाशी धरा. देवदाराचा वास गोडसर, जड, धुपाच्या जवळचा, पाइनचा वास टर्पेंटाइनचा, नाकात चढणारा. वास पटला तरी मी अजून एक करतो, स्टेशनरीच्या दुकानात मिळतं तसं दहापट भिंग घेऊन गुळगुळीत केलेलं टोक बघतो. पाइनमध्ये राळेच्या नळ्या असतात, त्या टोकावर बारीक ठिपक्यांसारख्या विखुरलेल्या दिसतात. देवदारात त्या एरवी नसतात, झाडाला इजा झाली असेल तर तेवढ्या जागी ओळीने आलेल्या दिसतात. कॅनडाचं रेड सीडर ओळखायला भिंग लागतच नाही, उचलूनच कळतं. वाळलेला देवदार घनफुटाला साधारण १५-१६ किलो भरतो, रेड सीडर १०-११ किलोच्या आसपास, आणि साग १८-१९ किलो. नखाने दाबलं तर रेड सीडरवर सहज खूण उमटते.

हे झालं लाकडाचं. आता फळीचं, आणि इथे जरा वेळ घेतो कारण नव्वद टक्के लोक इथेच घाई करतात. लोक फळीचं तोंड बघतात, म्हणजे रुंद बाजू, रंग छान, रेषा छान, चला घ्या. मी आधी टोक बघतो. टोकावर वर्षवलयं दिसतात आणि ती फळी पुढे काय करणार हे तिथेच लिहिलेलं असतं. वलयं रुंदीला काटकोनात उभी असतील तर फळी शहाणी, फुगली-आकसली तरी कमी आणि सरळ राहून. वलयं कमानीसारखी आडवी असतील तर फळी रुंदीत जास्त हलते, साधारण दुप्पट, आणि कडा वर उचलून पन्हळ होण्याकडे तिचा कल असतो. आडव्या वलयांच्या फळ्या घेऊच नयेत असं नाही, वखारीत बहुतेक त्याच असतात, फक्त त्या अरुंद पट्ट्यांमध्ये चिरून वापरायच्या. दहा इंची रुंद फळीच्या मोहात पडू नका. तीन-चार इंची पट्ट्या चिरून, एकीची कमान वर तर दुसरीची खाली असं ठेवून जोडलेला पाटा मुंबईत जास्त सरळ राहतो.

त्याच टोकावर अजून दोन गोष्टी बघा. झाडाचा अगदी मधला भेंडाचा ठिपका फळीत आलाय का? आला असेल तर ती फळी कितीही सुंदर असो, ठेवून द्या, ती तिथून चिरणारच. दुसरं, एकाच फळीत एका बाजूला वलयं खूप रुंद आणि दुसऱ्या बाजूला अगदी दाट असं असेल तर सावध व्हा, उतारावर तिरकं वाढलेल्या झाडांत असं लाकूड तयार होतं आणि ते लांबीतही आकसतं, म्हणजे चिरताना करवतीलाच आवळतं किंवा महिन्याभरात धनुष्य होतं. देवदार डोंगरउतारावरच वाढतो त्यामुळे हे बऱ्यापैकी दिसतं. मला दाट, एकसारख्या वलयांची फळी थोडी महाग पडली तरी चालते. टोकाला रंग फासलेला असेल तर तो खरवडून बघा, खाली चिरा असतात, त्या जिथवर गेल्यात तिथवरचं लाकूड वाया गेलं असं समजूनच लांबी मोजा.

मग फळी डोळ्यापुढे धरा, एक डोळा मिटून कडेवरून टोकापर्यंत बघा, बाक असेल तर दिसतो. बाक थोडा असेल तर छोटे तुकडे करताना निघून जातो, पण पीळ असेल, म्हणजे चार कोपरे एका पातळीत नसतील, तर घेऊ नका, हाताच्या रंध्याने पीळ काढता काढता सहा सूत फळीची चार सूत होते (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग).

गाठींचं विचारलंत. गाठ म्हणजे वाईट असं काही नाही. भोवतालच्या लाकडात मुरलेली, रंगाला तांबूस, घट्ट गाठ असेल तर पेटीच्या बाजूला, प्लांटरला आरामात वापरा. काळं कडं असलेली गाठ मेलेली असते, आज ना उद्या ती निखळून भोक पडणार. शेल्फला मात्र मधल्या भागात आणि पुढच्या कडेला कुठलीच गाठ नको, वजन पडलं की तिथेच कमजोर. देवदाराच्या गाठीतून उन्हाळ्यात चिकट तेल सुटतं हेही लक्षात ठेवा, स्पिरिटने पुसून त्यावर चपड्याचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, दोन हात दिले की बऱ्यापैकी बंद होतं, पण एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या उन्हात ते परत डोकं वर काढू शकतं. आणि रंगाकडे बघताना फळीच्या कडेला फिकट क्रीम रंगाचा पट्टा दिसतो तो झाडाचा बाहेरचा भाग, गाभा नाही. वाळवी आणि कुजण्याला दाद देत नाही तो गाभा, हा बाहेरचा पट्टा नाही. प्लांटरला पांढरा पट्टा अजिबात नको, पेटीला आतल्या बाजूला गाभाच हवा कारण वास त्याच्यातच असतो. पट्ट्यावर टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर भाव कितीही कमी असो, ते घरात आणू नका, बाकीच्या फर्निचरलाही लागेल.

आता मुंबईचं हवामान, जे व्हिडिओवाल्यांना माहीत असायचं कारण नाही. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे ते साधारण ११-१२ टक्क्यांवर येऊन थांबतं, जुलै-ऑगस्टमध्ये बंद एसी आणि उघड्या खिडक्यांच्या घरात १७-१८ पर्यंत चढतं. या सहा टक्क्यांत दहा इंच रुंदीची आडव्या वलयांची फळी जवळपास एक सूत फुगते. एक सूत म्हणजे ड्रॉवर अडकायला पुरेसं झालं. म्हणून हिवाळ्यात बनवत असाल तर पेटीच्या तळाला आणि झाकणाच्या पॅनलला फुगायला जागा सोडा, खाचेत सोडून द्या, गोंद लावून जखडू नका. पावसाळ्यात बनवत असाल तर उलट, खाच जास्त खोल घ्या, कारण डिसेंबरात ती आकसून बाहेर डोकावणार. मला विचाराल तर दिवाळीनंतर माल घ्या.

ओलं लाकूड ओळखायला सोपी युक्ती म्हणजे एकाच मापाच्या दोन फळ्या दोन हातात घ्या, जी विनाकारण जड ती ओली. पिनांचं मीटर ऑनलाइन हजार-दीड हजारात मिळतं, तीन वस्तू करायच्या असतील तर घेऊन टाका, पिना टोकात खुपसू नका, टोक कायम कोरडं दाखवतं, फळीच्या मध्यात खुपसा. १४-१५ च्या वर आकडा असेल तर मी थांबतो. आणि कितीही कोरडं मिळालं तरी घरी आणल्या आणल्या करवत लावू नका. फळ्यांमध्ये बोटभर जाडीच्या पट्ट्या ठेवून, पलंगाखाली किंवा भिंतीला आडवी रचून दोन-तीन आठवडे राहू द्या, सगळ्या बाजूंनी हवा लागली पाहिजे. घरच्यांची थोडी बोलणी खावी लागतात, त्याला इलाज नाही.

आता तुमच्या तीन वस्तू. पेटीला देवदार, डोळे झाकून. आतून पॉलिश, वॉर्निश, तेल काही लावू नका, लावलंत की वास बंद आणि मग साध्या प्लायची पेटी काय वाईट होती. कसर दूर ठेवायला वासाचा उपयोग होतो पण तो काही वर्षांत उतरतो, तेव्हा आतून बारीक पॉलिशपेपर फिरवला की परत येतो. डांबरगोळ्यांचं काम ती पूर्णपणे करेल असं मात्र समजू नका, कपडे स्वच्छ धुऊन, कोरडे करूनच ठेवायचे. आणि पैठणी थेट लाकडाला टेकवू नका, देवदाराच्या तेलाचा डाग रेशमावरून जात नाही, मलमलच्या कपड्यात गुंडाळूनच ठेवा. बाहेरून स्पिरिट पॉलिश सुंदर दिसतं.

प्लांटरला कॅनडाचं रेड सीडर चांगलं, पण माझं स्पष्ट मत, मुंबईत त्यासाठी एवढे पैसे घालायची गरज नाही. हलकं असतं हे खरं, पण चार फुटी प्लांटरमध्ये ओली माती भरली की लाकडाचं वजन किती हा प्रश्नच उरत नाही. देवदाराचा गाभा आठ सूत जाडीचा घ्या, नाहीतर जुन्या चाळी-इमारती पाडताना निघणारा बर्मा साग बघा, प्लांटरला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, फक्त आतले खिळे शोधून काढायला वेळ द्या नाहीतर करवतीचे दात जातील. लाकूड कुठलंही घ्या, प्लांटर जमिनीपासून इंचभर उचललेला हवा, तळाला भोकं हवीत, आणि माती प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवून ट्रे आत बसवला तर आयुष्य दुप्पट. स्क्रू स्टेनलेसचेच. साधा लोखंडी स्क्रू आपल्या खाऱ्या हवेत गंजतोच, शिवाय सीडरमधल्या रसायनांशी लोखंडाची गाठ पडली की काळे ओघळ उतरतात, ते पॉलिशपेपरनेही निघत नाहीत. तुमचं घर मुलुंडला आहे म्हणून ३०४ ग्रेड चालेल, वरळी-वांद्र्याला समुद्रासमोर असतात तर ३१६ सांगितलं असतं. लाकूड मऊ आहे, आधी ड्रिलने बारीक भोक पाडा, नाहीतर टोकाजवळ चिरतं.

पुस्तकांच्या शेल्फला सीडर हा माझ्या मते चुकीचा पर्याय नाही पण मोहाचा आहे. सहा सूत फळी तीन फूट अंतरावर पुस्तकं भरून ठेवलीत तर मध्ये वाकणार, देवदार असला तरी. अडीच फुटांच्या आत आधार द्या किंवा आठ सूत घ्या. जाडी थोडीच वाढली तरी फरक मोठा पडतो, सहाची आठ सूत केली की ताठपणा सव्वादोन पटींपेक्षा जास्त होतो. पुढच्या कडेला खालून दीड इंचाची उभी पट्टी ठोकली तरी काम होतं, आमचे मिस्त्री बहुतेक वेळा तेच करतात. स्वयंपाकघरात मात्र देवदार नको, मसाल्याच्या डब्याला, पोळपाटाला, धान्याच्या कपाटाला कशालाच नको, पोहे सुद्धा धुपाच्या वासाचे होतात.

गोंदाबद्दल एवढंच, देवदार तेलकट असतो, जोड लावायच्या दिवशीच रंधा मारून ताजी कड काढा, थिनरने पुसा आणि लगेच गोंद लावा. आत साधं फेविकॉल, बाल्कनीसाठी मरीन.

एक इशारा जो कोणी देत नाही. रेड सीडरची धूळ फार वाईट, त्यातल्या प्लिकॅटिक अॅसिडमुळे काम करणाऱ्यांना दमा झाल्याची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत. टू बीएचकेच्या हॉलमध्ये सँडर चालवून घरात म्हातारी माणसं किंवा लहान मुलं ठेवू नका. घासायचं काम बाल्कनीत, दार बंद करून, तोंडाला एन ९५, आणि आधीपासून दमा असेल तर हे लाकूड सोडूनच द्या.

खरेदीचं आता. रे रोडला, दारूखान्याच्या बाजूला जाऊन बघा, चार दुकानं फिरून मग घ्या. मोजणी घनफुटात होते, लांबी फुटात गुणिले रुंदी इंचात गुणिले जाडी इंचात भागिले १४४. आठ फूट लांब, सहा इंच रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे ४८ भागिले १४४, एक तृतीयांश घनफूट. हा हिशोब मोबाईलवर स्वतः करा. मोजतात ती कच्ची जाडी, रंधा मारल्यावर इंचाची साडेसहा सूतच उरते, तेव्हा तयार जाडी काय पाहिजे ते आधी ठरवा. व्हिडिओतल्या मापांवर भरवसा नको, तिकडे ज्याला वन बाय सिक्स म्हणतात तिची खरी जाडी पाऊण इंच आणि रुंदी साडेपाच इंच असते. हिशोबाच्या वर वीस-पंचवीस टक्के जास्त घ्या, गाठी, चिरा आणि चुकलेले काप यातच जातात.

दोन फळ्यांसाठी थप्पी उपसायला कोणी देणार नाही, तेव्हा सकाळच्या गर्दीत किंवा शनिवारी जाऊ नका, मधल्या दिवशी दुपारी जा, तीनही वस्तूंचा माल एकाच ठिकाणी घेणार म्हणून सांगा, मग निवडून देतात. बिल मागा, आणि त्यावर नुसतं सीडर न लिहिता देवदार असं लिहून घ्या. पहाडात हिरव्या झाडांच्या तोडीवर वर्षानुवर्षं बंधनं आहेत, बराचसा देवदार वन महामंडळांच्या लिलावातून बाहेर येतो, त्यामुळे चोख माल विकणाऱ्याला कागद द्यायला त्रास नसतो. कोणी टाळाटाळ करायला लागला तर पुढच्या दुकानात चला. आणि हो, तुमच्या लिफ्टची उंची मोजून जा, सात फुटांची लिफ्ट आणि आठ फुटी फळी घेऊन जिने चढायचे नसतील तर तुकड्यांची यादी बरोबर न्या, तिथेच कापून घ्या, प्रत्येक तुकडा दोन इंच लांब ठेवा कारण टोकं नंतर परत कापावीच लागतात.